आजीच्या हातची झूल

श्रावणाचा शेवटचा पंधरवडा सुरू झाला की आपल्या जालना जिल्ह्यातल्या अनेक शाळांतून घरोघरी एक निरोप येतो. पोळ्याचा कार्यक्रम आहे; मुलांनी बैल, शेतकरी किंवा गुराखी होऊन यावे, आणि वेश शक्यतो घरातल्या टाकाऊ वस्तूंतून करावा. निरोप येतो तो आईच्या मोबाइलवर. आई कामात असते, वडील शेतावर किंवा कारखान्यातल्या पाळीवर असतात. कार्यक्रमाला दोन दिवस उरले की धांदल उडते आणि अखेर बाजारातून भाड्याचा वेश येतो. ज्या घरात सत्तरीपुढची आजी दिवसभर खिडकीशी बसून असते, त्याच घरात हे घडते, याचे मला नेहमी नवल वाटते. तिने आयुष्यभरात किती गोधड्या शिवल्या याची मोजदाद कोणी ठेवलेली नसते, आणि आता तिच्या हाताला काम द्यावे हे कोणाच्या मनात येत नाही. काम न देणे हा मायेचाच एक प्रकार समजला जातो. ‘आई, तुम्ही आता काही करू नका, नुसत्या बसा,’ या वाक्यातली माया मला कळते. वैद्यकाच्या नजरेला मात्र नुसते बसणे हे औषधापेक्षा दुखण्याच्या बाजूलाच अधिक दिसते.

म्हणून, वाचकहो, या वेळी रक्तदाब आणि साखर थोडी बाजूला ठेवून मी आपल्याशी बैलाच्या झुलीविषयी बोलणार आहे. (साखर वाटेत भेटेलच, ती कुठे भेटत नाही?) ही झूल शिवणारे हात म्हातारे आहेत आणि ती पांघरणारे अंग कोवळे आहे. दोघांचीही काळजी घेऊन हे काम घरात कसे करावे, एवढेच सांगायचे आहे.

पिठोरी अमावास्येला येणारा हा सण आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आदल्या दिवशीची खांदेमळणी, जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना चोळलेले तूप आणि हळद, बैलांना दिलेले उद्याच्या जेवणाचे आवतण; मग पोळ्याच्या सकाळी धुतलेल्या अंगावर गेरूचे ठसे, पाठीवर झूल, माथ्यावर बाशिंग, शिंगांच्या टोकांना शेंब्या, गळ्यात घुंगरमाळ, नवी वेसण, नवी म्होरकी, नवा कासरा. संध्याकाळी वेशीत आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैल जमतात, मानाची जोडी पुढे होते आणि पोळा फुटतो. आता ट्रॅक्टर आले. शाळेत बैल होणाऱ्या कितीतरी मुलांच्या गोठ्यात बैल उरलेला नाही. आजोबांच्या मनात मात्र तो अजून बांधलेला आहे. शेंबी, म्होरकी, वेसण हे शब्द नातवाला अर्थासह सांगू शकेल असा माणूस त्या घरात बहुधा एकच असतो. पथ्याची यादी ऐकताना ‘हं’ म्हणून गप्प राहणाऱ्या आजोबांना मी कधीकधी मुद्दाम विचारतो, की तुमची जोडी देवणी होती की लाल कंधारी. मग बाहेरच्या बाकावरच्या रुग्णांना बराच वेळ थांबावे लागते.

आता वेश. सुरुवात शिंगांपासून करावी, कारण पावसाळी हवेत त्यांना सुकायला तीन-चार दिवस लागतात. वर्तमानपत्राच्या रद्दीचे दोन लांबट शंकू करावेत, हलका बाक द्यावा, आणि त्यावर कागदाच्या पट्ट्या खळीने एकावर एक चढवाव्यात. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या सोंगांसाठी कागदाच्या लगद्याचे मुखवटे करतात. हीही त्याच जातीची कला, घरगुती मापाची. खळ गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची, घरी शिजवलेली. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालीत, आणि हे जुन्या माणसांना पक्के आठवत असते. मोरचूद म्हणजे तांब्याचा विषारी क्षार. लहान मुले बोटे चाटतात, म्हणून तेवढी एक जुनी रीत इथे सोडून द्यावी. खळ रोज ताजी करावी, म्हणजे प्रश्नच मिटतो. शिंगांची टोके अणकुचीदार ठेवू नयेत. पिवळ्या चिंधीचा गोळा करून तो टोकाला शिवला की शेंबी होते आणि शेजारच्या मुलाचा डोळाही सुरक्षित राहतो. ही शिंगे बसवायची कशावर? आजोबांच्या जुन्या पांढऱ्या टोपीवर. दोन्ही बाजूंना दाभणाने चार-चार टाके घातले की ती डोक्यावर नीट बसतात, आणि चेहरा पूर्ण उघडा राहतो.

बाशिंगाला लग्नपत्रिकांसारखे दुसरे साहित्य नाही. एका लग्नसराईत घरात येणाऱ्या पत्रिका टाकवत नाहीत आणि ठेवायलाही जागा नसते. देवाचे चित्र कापायला आजीचा हात धजत नाही. ते अलगद बाजूला काढू द्यावे आणि उरलेला जाड सोनेरी कागद घ्यावा.

झुलीसाठी जुने सुती लुगडे घ्यावे. कृत्रिम धाग्याची साडी अधिक चमकते, पण घाम शोषत नाही, आणि ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटते. आठ वर्षांच्या मुलाला खांद्यापासून गुडघ्याच्या थोडे वरपर्यंत, म्हणजे ६० ते ६५ सेंटिमीटर लांबी पुरते. रुंदी पाऊण मीटर. गोधडीसारखे चार पदर घेऊ नयेत, दोनच घ्यावेत. दिवस उकाड्याचे असतात. त्यावर सरळ धावदोरा. कडेला फाटलेल्या इरकलीचा काठ, मध्ये ब्लाउजपिसांच्या कपट्यांचे त्रिकोण. आरशांच्या जागी चहाच्या पुड्याच्या आतला चंदेरी कागद पुठ्ठ्याच्या चकतीवर चिकटवून, भोवती कापडाची पट्टी धरून शिवावा. गोंडे उसवलेल्या स्वेटरच्या लोकरीचे: चार बोटांभोवती तीसेक वेढे घ्यायचे, मध्ये आवळून बांधायचे, टोके कातरायची. गोंड्याचे काम नजर अधू झालेल्या माणसालाही निव्वळ स्पर्शाने जमते. म्होरकी आजोबांनी वळावी. सुतळी वळताना मांडीवर तळहात फिरवण्याची ती हालचाल पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही व्यायामापेक्षा त्यांना अधिक ओळखीची असते.

दहा दिवस हाताशी धरावेत, आणि रोज दोन वेळा वीस-वीस मिनिटे, याहून अधिक नाही. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी दोन तास बसलेली आजी दुसऱ्या दिवशी मान धरून माझ्याकडे येते.

डोळ्यांविषयी आधी बोलतो, कारण ‘मला आता दिसत नाही, नाहीतर शिवले असते’ हे वाक्य सर्वांत जास्त ऐकू येते. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जितका प्रकाश पोहोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर पोहोचतो. बाहुली आकुंचित राहते आणि आतले भिंग पिवळसर होते. म्हणजे आपल्याला पुरेसा वाटणारा उजेड आजीसाठी संधिप्रकाश असतो. काम सकाळी दहा ते बारा या वेळात, खिडकी डाव्या हाताला ठेवून करावे, डावखुऱ्यांनी उजव्या. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा नको. गडद दोरा घ्यावा, म्हणजे टाका दिसतो आणि झूलही उठून दिसते. मोठ्या नेढ्याच्या सात-आठ सुयांत दोरा ओवून त्या सकाळीच पिनकुशनला टोचून ठेवणे, हे नातवाचे काम. एवढे करूनही सरळ रेघ वाकडी दिसत असेल, किंवा दिव्याभोवती वलये दिसत असतील, तर मात्र झूल बाजूला ठेवून नेत्रतज्ज्ञांकडे जावे. शिवायला बसल्यामुळेच मोतीबिंदू लक्षात आला, असे मी अनेकदा पाहिले आहे.

हातांचे दुखणे बहुधा दोन ठिकाणी असते: बोटांच्या शेवटच्या पेरांशी, जिथे गाठी आलेल्या दिसतात, आणि अंगठ्याच्या मुळाशी. बसण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे हात कोमट पाण्यात ठेवावेत. पाणी किती गरम आहे हे मधुमेही व्यक्तीने स्वतःच्या बोटांनी ठरवू नये, घरातल्या दुसऱ्याने पाहावे. कात्रीच्या कड्यांना कापडाची पट्टी गुंडाळून त्या जाड कराव्यात. पुठ्ठा आणि जाड पत्रिका कापणे हे काम आजीचे नाहीच. ते सुनेने किंवा मोठ्या नातीने करून द्यावे. बोटात अंगुस्तान घालावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुई टोचल्यावर पाच मिनिटे दाबून धरावे, घाबरू नये आणि गोळी परस्पर बंद करू नये. आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली होती हे आठवत नसेल, तर ती पूर्वी घेतली नव्हती असे समजून डॉक्टरांना विचारावे. मोठ्यांनाही ती दर दहा वर्षांनी लागते.

खाली सतरंजीवर मांडी घालून बसण्याचा आग्रह नको. पाठीला टेकू असलेली खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले, मांडीवर पाट किंवा जाड उशी. उठताना आधी घोटे आठ-दहा वेळा वरखाली करावेत, मग सावकाश उभे राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यावर अंधारी येते. आणि भोवती पसरलेले काठ, दोरे, चिंध्या आधी कोणीतरी उचलाव्यात. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडते ते क्वचितच जिन्यावरून पडून. बहुतेक वेळा घरातल्या घरात, पायात काहीतरी अडकून.

सुयांविषयी मात्र मी कठोर आहे. जितक्या सुया काढल्या तितक्या रोज मोजून डबीत परत गेल्या पाहिजेत. मधुमेहाने ज्यांच्या तळपायाची संवेदना गेली आहे, त्यांच्या पायात मोडकी सुई शिरली तरी कळत नाही. आठवड्याने पाय सुजतो, घाण वाहू लागते, आणि एक्स-रे काढल्यावर ती दिसते. पायाचे बोट गमावण्याची वेळ अशा एवढ्याशा सुईनेही येऊ शकते. ज्या खोलीत शिवण चालते तिथे मधुमेही व्यक्तीने घरातही चप्पल घालावी, आणि काम संपल्यावर जमिनीवरून लोहचुंबक फिरवावे. जुन्या, मोडक्या स्पीकरमधले चुंबक त्यासाठी उत्तम. टाकाऊतून टिकाऊ तेही.

आता ज्या घरांत विसरण्याचा आजार आहे त्यांच्यासाठी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या दर शंभरांतल्या सातांहून अधिक लोकांना स्मृतिभ्रंश आहे. एकूण आकडा ८८ लाखांच्या घरात जातो. या आजारात नावे, तारखा, कालचे बोलणे आधी जाते. हाताला लागलेली वळणे मेंदूच्या वेगळ्या भागांत साठवलेली असतात आणि पुष्कळ उशिरापर्यंत टिकतात. माझ्याकडे येणाऱ्या एका खेड्यातल्या आजी नातवाला कधी दिराच्या, कधी भावाच्या नावाने हाक मारतात. तिसऱ्या प्रहरानंतर त्या अस्वस्थ होत, ‘मला घरी जायचंय’ म्हणून दाराशी उभ्या राहत, घर त्यांचेच. गेल्या पोळ्याला सुनेने त्यांच्या हातात ओवलेली सुई आणि दोन पदरांचे लुगडे दिले. काही सांगावे लागले नाही. टाके आधी वाकडे पडले, मग सरळ पडू लागले, आणि एका दुपारी त्यांनी झूल स्वतःच्या पदराला मजबूत शिवून टाकली. घरात हसू फुटले, त्याही हसल्या. सून मला म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, रात्री त्या झोपल्यावर मी उसवून पुन्हा नीट शिवते.’ मी तिला एवढेच सांगितले, की पदर सोडवा, बाकीचे टाके राहू द्या. शाळेच्या मंचावर दहा फुटांवरून टाका दिसत नाही; आपले काम कोणीतरी गुपचूप बदलले, हे मात्र विसरणाऱ्या माणसालाही जाणवते.

त्या दिवसांत त्यांचे दाराशी जाणे कमी झाले. पोळा झाल्यावर काही दिवसांत ते पुन्हा सुरू झाले. आजार जागचा हलला नव्हता, हे मी स्पष्ट सांगतो, हलतही नसतो. मग सुनेने नवरात्रासाठी आसने काढली.

परदेशातही हा विचार तपासून पाहिला गेला आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी सत्तरीपुढच्या सुमारे १९०० लोकांवर काही वर्षे लक्ष ठेवले आणि २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हस्तकलेत रमणाऱ्यांत स्मरणशक्तीच्या सौम्य बिघाडाची सुरुवात सुमारे २८ टक्के कमी आढळली. पण यावरून ‘शिवा आणि स्मृतिभ्रंश टाळा’ असा फलक कोणी लावला तर त्यावर विश्वास ठेवू नये. ज्यांचा मेंदू आधीच शाबूत आहे तेच हस्तकला करीत राहतात, असेही असू शकते; अशा पाहणीतून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरत नाही. मला पुरते ते एवढेच, की या औषधाला किंमत नाही आणि सुया मोजल्या तर त्रासही नाही.

येथवर हातांचे झाले. आता साहित्याकडे पुन्हा वळू या, कारण ‘टाकाऊ’ या शब्दात आपल्या जिल्ह्यापुरता एक विशेष धोका दडलेला आहे.

जालना हे बियाण्यांचे गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे ‘महिको’ची स्थापना केली, आणि तेव्हापासून बियाण्यांच्या व्यवसायात या शहराचे नाव देशभर झाले. त्यामुळे आपल्याकडे घरोघरी बियाण्यांच्या चकचकीत पिशव्या सापडतात. पोळा येतो तो नेमका कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत, म्हणून औषधांचे रिकामे डबे, पाकिटे, खोकी त्याच कोपऱ्यात पडलेली असतात. रंगीत, जाड, चमकदार, फुकट. बाशिंगासाठी मुलाची नजर आधी तिकडेच जाते. यांतले काहीही वापरू नये. पेरणीच्या बियाण्यावर कीटकनाशकाचा आणि बुरशीनाशकाचा लेप असतो. गुलाबी किंवा निळा रंग दिलेला असतो तो ते खाण्याचे नाही हे कळावे म्हणून. त्याची भुकटी पिशवीच्या आत राहतेच. कीटकनाशकाच्या वेष्टनावर चौकोनात त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतितीव्र विष, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. पण हिरवा त्रिकोणही मुलाच्या कपाळावर बांधण्याइतका सौम्य नसतो. ‘तीन वेळा धुतले की झाले’ हा समज तर सर्वत्र आहे. तीनदा धुण्याचा नियम आहे तो डबा भोसकून निकामी करण्यापूर्वी. तो पुन्हा वापरण्यासाठी नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, ते अंगावर आणि श्वासातून गेलेल्या विषानेच. मुलाची कातडी पातळ आणि वजन कमी. त्याला फार थोडे पुरते.

तरीही असे काही हाताला लागलेच आणि मुलाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, उलटी, पोटात कळ, श्वासाला घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या असे काही दिसले, तर कपडे उतरवून अंग साबणाने भरपूर पाण्यात धुवावे, उलटी करवू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ते वेष्टन सोबत न्यावे. वेष्टनावरचे नाव डॉक्टरांचा बराच वेळ वाचवते.

खताच्या गोणीचे विचारले जाते. युरियाची पांढरी गोणी विषारी नसली तरी तिचे धागे आणि उरलेले कण घामट कातडीला खाजवतात. मंचाच्या मागे पडदा करायचा असेल तर धुवून खुशाल वापरावी, अंगावर नको.

दुसरा धोका थेट आपल्याच वयाच्या घरातला. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. चंदेरी, ठिपक्याठिपक्यांच्या; झुलीवर लावल्या तर आरशासारख्या चमकतात, आणि ज्येष्ठांच्या घरात त्यांना तोटा नाही. मी त्यांना ठाम नकार देतो. कडा ब्लेडसारख्या असतात हे एक. एखाद्या खळग्यात गोळी राहून गेलेली असते हे दुसरे. आणि ज्या पट्टीशी आजीसोबत बसून खेळलो ती खेळणे आहे हे मुलाच्या मनात बसते, हे तिसरे आणि सर्वांत वाईट. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की त्यांतली एकच गोळी लहान मुलाची साखर जीवघेणी उतरवू शकते. चहाच्या पुड्याचा कागद त्याहून चांगला चमकतो.

तिसरा, नवा धोका म्हणजे झुलीत लावायची छोट्या दिव्यांची माळ. तिच्या डबीत बटणासारखा चपटा सेल असतो. तो गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू लागते. माळ लावूच नये. धाकटे भावंड घरात असेल तर नक्कीच नको.

रंगांचे थोडक्यात. बैलाच्या शिंगांना लावायचा हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा क्षार, आणि ऑइलपेंट तर लाकडा-लोखंडासाठीच असतो. दोन्ही मुलाच्या चेहऱ्यावर नकोत. शिंगे रंगवायला चित्रकलेच्या तासाचे पाण्यातले रंग पुरेत. चेहऱ्यावर काही लावायचेच असेल तर कपाळावर एक गंध. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी आजीच्या हाती देऊ नये. नेत्रबिंदूंची कुपी समजून तो डोळ्यात घातल्याच्या घटना वैद्यकात नोंदल्या गेल्या आहेत. तसे झाले तर पापण्या ओढू नयेत, स्वच्छ पाण्याने धुवत राहावे आणि नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.

कार्यक्रमाच्या दिवशीची एकच गोष्ट मी शिक्षकांनाही सांगू इच्छितो. नाटुकल्यात शेतकरी झालेला मुलगा बैल झालेल्या मुलाला कासऱ्याने धरून आणतो. तो कासरा कधीही गळ्यात बांधू नये. दुसऱ्याने गमतीने ओढला, किंवा पहिला पाय अडकून पडला, तर फास बसायला क्षण लागत नाही. कासरा कमरेच्या पट्ट्याला अडकवावा. प्रेक्षकांना फरक कळत नाही. झूलही गळ्याशी गाठ मारून नको, दोन्ही खांद्यांवर चिकटपट्टी शिवावी, म्हणजे ओढली की सुटते. घुंगरू चिकटवू नयेत, शिवावेत. सुटलेला घुंगरू तीन वर्षांखालच्या भावंडाच्या घशात जातो. मंचामागे तासभर थांबावे लागले तर झूल काढून ठेवावी, पाणी पाजावे.

आजी-आजोबांनी कार्यक्रमाला जायलाच हवे. लघवीची गोळी घेणाऱ्यांनी त्या दिवशी ती परस्पर टाळू नये; वेळ पुढेमागे करता येते का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. खुर्ची कडेची, दाराजवळची आणि ध्वनिवर्धकापासून लांबची मागून घ्यावी. श्रवणयंत्र असेल तर आवाज थोडा उतरवावा. घरी आल्यावर पुरणपोळी आहेच. मधुमेह असलेल्यांनी ती अर्धी घ्यावी, भात त्या जेवणात वगळावा, आणि ‘आज गोड खाणार’ म्हणून गोळी दुप्पट किंवा ‘आज जेवायला उशीर’ म्हणून इन्शुलिन बंद, असे प्रयोग करू नयेत.

दुसऱ्या दिवशी झूल झटकून उन्हात घालावी. चंदेरी चकत्या उसवून डबीत ठेवाव्यात, कापड हाताने धुवावे. पुढच्या वर्षी नातू दोन बोटे उंच झालेला असेल, तेव्हा खाली आणखी एक काठ जोडता येतो. बाशिंग देवघराशेजारी टांगले जाते, तिथे ते बरे दिसते. शिंगे मात्र लगेच उसवावीत; टोपी आजोबांची असते आणि संध्याकाळी त्यांना ती लागते.